‘इता’ म्हणजे आपण

मराठीत वाढलेल्या मुलाला एक भेद कुणी बसून शिकवत नाही. ‘आम्ही निघतो’ म्हटलं की ऐकणारा जागचा हलत नाही. ‘आपण निघू या’ म्हटलं की तो चपला शोधायला लागतो. समोरच्याला धरून आपण, त्याला वगळून आम्ही. इंग्रजीच्या ‘वुई’ला हे एका शब्दात जमत नाही. त्या ‘वुई’त आपल्याला धरलंय की नाही, हे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ताडावं लागतं.

तैवान बेटाच्या मधोमध, साडेसातशे मीटरांच्या आसपास उंचीवर, डोंगरांच्या कोंदणात एक मोठं तळं आहे. चिनी भाषेत त्याला सूर्य-चंद्र तळं म्हणतात. त्याच्या काठी राहणाऱ्या थाव लोकांच्या भाषेत हा भेद थेट आपल्यासारखा आहे. ‘इता’ म्हणजे आपण, ‘यामिन’ म्हणजे आम्ही. त्यांच्या वस्तीचं आजचं नाव ‘इता थाव’ असं आहे. थाव म्हणजे माणूस. (यातला ‘थ’ आपल्या थंडीतला नाही. जिभेचं टोक दातांमध्ये धरून नुसती हवा सोडली की जो उमटतो, तो.) इता थाव, आपण माणसं. हे मुळात थावांनी एकमेकांना म्हणायचं आहे. पण होडीतून धक्क्यावर उतरून पाटीचा फोटो काढणाऱ्या पर्यटकालाही व्याकरणाने तरी त्यातून बाहेर काढलेलं नाही.

लहानपणापासून ही भाषा बोलत आलेली माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि तीही वयाने फार थकलेली. युनेस्कोने तिला अत्यंत संकटग्रस्त भाषांमध्ये घातलं आहे. थाव म्हणून सरकारदरबारी नोंद असलेले लोक हजारालाही पोचत नाहीत. त्यांतले बहुतेक घरात आणि बाजारात मँडरिन किंवा होक्किएन या चिनी भाषा बोलतात. अशा भाषेबद्दल लिहायला बसलं की लेखणी आपोआप शोकगीताकडे वळते. मला तो मोह टाळायचा आहे. शोक करताना आपण गृहीत धरतो की जे झालं ते वयोमानाने झालं, पिकलं पान गळावं तसं. थाव भाषेची गोष्ट तशी नाही. तिच्या बोलणाऱ्यांचा ‘आपण’ एकेक करून मोडला गेला. तो कुणी आणि कशाने मोडला, याच्या तारखा उपलब्ध आहेत.

आधी ही भाषा कुणाची कोण, ते सांगायला हवं. मादागास्करपासून पॅसिफिकमधल्या रापा नुईपर्यंत आणि हवाईपासून न्यूझीलंडपर्यंत पसरलेलं ऑस्ट्रोनेशियन भाषाकुल बाराशेहून अधिक भाषांचं आहे. मलय, जावानीज, तागालोग, माओरी, मालागासी या सगळ्या त्यातल्याच. या अफाट पसाऱ्याचं मूळ घर तैवान, असं बहुतेक अभ्यासक मानतात. भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्लस्ट यांनी १९९९ साली मांडणी केली, की या कुलाच्या दहा आद्य शाखा धरल्या तर त्यांतल्या नऊ एकट्या तैवानात आहेत, आणि बेटाबाहेरच्या झाडून साऱ्या भाषा उरलेल्या एका शाखेत मावतात. शाखांच्या नेमक्या संख्येवर वाद आहेत, पण चित्राची ढोबळ रेषा बदलत नाही. ज्या भाषा कोट्यवधी लोक बोलतात त्या एकाच फांदीच्या, आणि बुंध्याजवळच्या फांद्यांतल्या काही तर मूठभर म्हाताऱ्यांच्या तोंडी.

‘सात’ हा एक शब्द घ्या. थाव भाषेत सात म्हणजे ‘पितु’. जावानीजमध्येही ‘पितु’. तागालोगमध्ये ‘पितो’, मालागासीत ‘फितो’, सामोअनमध्ये ‘फितु’, हवाईयनमध्ये ‘हिकु’. आफ्रिकेच्या कुशीतल्या बेटावर बाजारात सात फळं मोजणारी बाई आणि तैवानच्या डोंगरात सात मोजणारी म्हातारी एकाच आजीचा शब्द वापरतात. थाव भाषेचे स्वतःचे काही हट्टही आहेत. ‘तुरु’ म्हणजे तीन आणि सहासाठी ‘कातुरु’. ‘श्पात’ म्हणजे चार आणि आठसाठी ‘काश्पात’. सहामध्ये तीन आणि आठमध्ये चार उघड्यावर बसलेले आहेत, म्हणजे दोन्ही मुठी समोर धरून कुणीतरी कधीतरी दुप्पट केली. डोळ्यासाठीचा शब्द तर मराठी कानाला जवळजवळ ‘माथा’ असा ऐकू येईल. हा निव्वळ योगायोग, पण पहिल्यांदा वाचला तेव्हा मी क्षणभर थबकलो होतो.

भाषेने थावांच्या इतिहासावरही उजेड टाकला. त्यांची स्वतःची कथा सांगते, की आलिशानच्या डोंगरातले शिकारी एका पांढऱ्या हरणाचा माग काढत निघाले, हरणाने तळ्यात उडी घेतली आणि शिकारी तळ्याच्या मोहात पडून तिथेच राहिले. ब्लस्ट यांनी मात्र ध्वनी आणि शब्द तपासून दाखवलं, की थाव भाषेचे जवळचे नातलग पश्चिमेच्या मैदानात होते. बाबुझा, पापोरा, होआन्या ही त्या नातलगांची नावं. या सगळ्या भाषा चिनी वसाहतीच्या लोंढ्यात केव्हाच बुडाल्या. थाव डोंगरात, तळ्याच्या आड होती म्हणून टिकली. म्हणजे आज ती आपल्या गोतावळ्यातली एकटी राहिलेली आहे.

याच ब्लस्ट यांनी २००३ साली थाव भाषेचा कोश प्रसिद्ध केला. तैवानच्या अकादेमिया सिनिकाने छापलेला हा कोश अकराशे पानांच्या वर आहे. त्या वेळी बोलणारे पंधराएक होते. पंधरा माणसांच्या आठवणीतून अकराशे पानं, या कामापुढे हात जोडावेत. ब्लस्ट २०२२ साली गेले. पण विज्ञानासाठी ही भाषा वाचली पाहिजे, हा युक्तिवाद मला कधी पुरेसा वाटला नाही, आणि त्याचं कारण हा कोशच आहे. विज्ञानाची गरज कोशाने, व्याकरणाने, ध्वनिमुद्रणाने बरीचशी भागते. मग उरलेली माणसं गेली तरी चालतील, असाच त्याचा अर्थ होतो. कोशात ‘इता’चा अर्थ मिळतो. कुणाला धरून ‘इता’ म्हणायचं, हे कोश सांगू शकत नाही. त्याला दुसरा माणूस लागतो.

आता त्या तारखा. १८९५ साली तैवान जपानच्या ताब्यात गेलं. बेटावर कारखाने उभे करायचे तर वीज हवी, म्हणून १९१९ मध्ये या तळ्यावर जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. पैशांअभावी तो मध्येच थांबला, १९३१ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि १९३४ मध्ये पूर्ण झाला. झुओशुई नदीचं पाणी सुमारे पंधरा किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून आणून तळ्यात सोडलं आणि पातळी कित्येक मीटर वर चढली. काठची शेतं पाण्याखाली गेली. थावांना उठवून बाराउबाउ या ठिकाणी बसवलं, तीच आजची इता थाव. धरणाखाली गेलेल्या गावांची गोष्ट मराठी वाचकाला मुळापासून सांगायला नको. ज्याची जमीन जाते त्याच्या घरी वीज शेवटी पोचते, हे आपण जाणतो.

तळ्याच्या मधोमध लालू नावाचं बेट आहे. थावांच्या सर्वोच्च पूर्वजाचा, पाथालारचा, तिथे वास आहे असं ते मानतात. पाणी चढलं तसं बेट आक्रसून एवढंसं झालं. त्याच्या नावाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. जपान्यांनी त्याला रत्नाचं नाव दिलं. १९४५ नंतर आलेल्या चिनी राष्ट्रवादी राजवटीने चीनचं वैभव सुचवणारं नाव दिलं, आणि लग्नाच्या गाठी बांधणाऱ्या चिनी देवाची तिथे स्थापना केली. ज्या जागी थाव स्त्रिया पाथालारपुढे उभ्या राहत, तिथे जोडपी फोटो काढून घेऊ लागली. काठच्या वस्तीलाही नवं नाव मिळालं, देहुआ. अर्थ असा, की सद्गुणाच्या शिकवणीने सुधारलेले. आधी कोण होतात ते विसरा, आम्ही तुम्हाला सुधारलं, हे त्या लोकांच्या पत्त्यावरच लिहिलेलं होतं.

लष्करी कायदा १९४९ ते १९८७ चालला. शाळेत फक्त मँडरिन. बेटभर शाळांमध्ये दुसरी भाषा तोंडातून निघाली तर मुलांना दंड होई, गळ्यात पाटी अडकवली जाई. दरम्यान तळ्याकाठी पर्यटन वाढलं, बाहेरून व्यापारी आले, नगरनियोजनाच्या नावाखाली जमिनींची फेरवाटणी झाली आणि थाव आपल्याच वस्तीत अल्पसंख्य झाले. शेजारी होक्किएन बोलणारा, दुकानदार होक्किएन बोलणारा, मास्तर मँडरिन बोलणारा. थाव बोलायला कुणाच्या दारात जायचं?

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. तो असा: शेवटी आईबापांनीच मुलांना भाषा दिली नाही. त्यांना मुलांचं भलं हवं होतं, त्यांनी विचार करून निवड केली, आणि बाहेरच्यांनी त्यावर अश्रू ढाळणं हा त्यांच्या शहाणपणाचा अपमान आहे. यात तथ्य आहे. गळ्यात पाटी घालून घरी आलेलं पोर पाहणाऱ्या आईने काय करावं, हे सांगायचा अधिकार मला नाही. पण याला निवड म्हणताना समोर दुसरं काय ठेवलं होतं तेही सांगावं. दोन रस्ते होते आणि त्यातला एक घेतला, असं झालं नाही. एक रस्ता पाण्याखाली होता. आणि ज्यांच्यावर ही निवड लादली, तेच पुढे भाषेच्या मरणाला जबाबदार धरले जातात. हे मला सहन होत नाही.

‘शेवटची भाषक’ या शब्दांबद्दलही मला असंच वाटतं. तळ्यापासून फार दूर नसलेल्या पुली गावात पान जिन-यू नावाच्या बाई होत्या. पाझेह या तैवानमधल्याच दुसऱ्या एका भाषेच्या शेवटच्या भाषक म्हणून त्या ओळखल्या गेल्या आणि २०१० साली वयाच्या ९६व्या वर्षी गेल्या. त्या गेल्या आणि भाषा गेली, असं जगभर लिहिलं गेलं. त्याच बाईंनी म्हातारपणी पुलीत वर्ग चालवले आणि तिथे सुमारे दोनशे विद्यार्थी येत, ही गोष्ट मात्र कमी लोकांनी लिहिली. पाझेहचीच सख्खी बोली असलेली काहाबू बोलणारे काही वृद्ध तेव्हाही त्याच परिसरात हयात होते. एखाद्याला ‘शेवटचा’ ठरवलं की त्याच्यामागे उभ्या असलेल्यांकडे कुणी बघत नाही.

थावांच्या बाबतीत लोकांना पुन्हा एकत्र आणण्याचं काम एका भूकंपाने केलं. २१ सप्टेंबर १९९९ च्या पहाटे मध्य तैवान हादरलं आणि सुमारे चोवीसशे माणसं गेली. थावांची बहुतेक घरं कोसळली. वास्तुरचनाकार शिए यिंग-जुन यांच्यासोबत थावांनी स्वतःच्या हातांनी हलक्या पोलादी सांगाड्यांची आणि बांबूची चाळीसेक घरं उभी केली. दुकानांच्या गर्दीत विखुरलेली कुटुंबं एकमेकांच्या शेजारी आली, मधे सण करायला मोकळी जागा ठेवली. बेटावरचा लग्नाचा देव दुसरीकडे गेला आणि बेटाला लालू हे नाव परत मिळालं. ८ ऑगस्ट २००१ रोजी सरकारने थावांना स्वतंत्र आदिवासी समाज म्हणून मान्यता दिली. तोवर कागदोपत्री ते दुसऱ्याच, त्सोउ नावाच्या, समाजात मोजले जात. म्हणजे नाव, बेट आणि शेजार या तीन गोष्टी दोन वर्षांत थोड्याफार परत आल्या. भाषा काही तशी परत आली नाही. तिला आधीच फार उशीर झाला होता.

तरीही एक जागा अशी आहे जिथे थाव भाषेवाचून अजून कुणाचंच चालत नाही. प्रत्येक थाव घरात वेताची एक टोपली असते. तिला उलालालुआन म्हणतात. तिच्यात घरातल्या गेलेल्या माणसांचे कपडे आणि दागिने घडी करून ठेवलेले असतात. कुणाचं जाकीट, कुणाची माळ. ही टोपली म्हणजे घरात राहणारे पूर्वज. चांद्र वर्षाच्या आठव्या महिन्यात थावांचं नवं वर्ष येतं. तेव्हा घराघरांतल्या टोपल्या एकत्र आणून अंगणात रांगेने मांडतात, पुढे भात आणि मद्य ठेवतात. शिन्शी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुजारी स्त्रिया त्या रांगेसमोर बसून प्रत्येक घराच्या वतीने पूर्वजांना नावाने हाका मारतात, आलेलं-गेलेलं सांगतात. हे सगळं थाव भाषेत. पूर्वजांना मँडरिन कुठून येणार? त्यांच्या आयुष्यात ती नव्हतीच. आज फक्त थाव समजणारे श्रोते जर कुणी असतील तर ते या टोपल्यांमध्ये आहेत.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जिथे दुसऱ्या कुठल्याही भाषेने काम भागत नाही, तिथेच लहान भाषा टिकते. याच्या शेजारी मुसळांचा नाद ठेवून पाहा. सणाच्या आदल्या रात्री थाव स्त्रिया कमीजास्त लांबीची लाकडी मुसळं सपाट दगडावर आळीपाळीने आपटतात आणि वेगवेगळ्या स्वरांची एक साखळी तयार होते. मुळात ते धान्य कांडणं होतं. जपानी काळापासून पर्यटकांनी ते ऐकायला गर्दी केली आणि ते रंगमंचावर गेलं. नाद टिकला, कारण त्याला गिऱ्हाईक होतं. भाषेला गिऱ्हाईक नव्हतं. होडीवाल्याने थावमध्ये बोललेलं ऐकायला कुणी तिकीट काढत नाही.

२०१७ साली तैवानने आदिवासी भाषांसाठी कायदा केला आणि त्यांना राष्ट्रभाषांचा दर्जा दिला. वर्ग आहेत, परीक्षा आहेत, पाठ्यपुस्तकं आहेत, म्हाताऱ्यांच्या जोडीला तरुण शिकाऊ बसवण्याच्या योजना आहेत. कितीतरी देशांनी एवढंही केलेलं नाही. पण वर्गात बसलेल्या प्रत्येकाला दुसरी भाषा येते. मास्तरांना येते, मुलांना येते, घंटा झाली की मुलं तिच्यातच ओरडत बाहेर पळतात. माओरींनी १९८२ मध्ये बालवाड्या सुरू केल्या तेव्हा त्यांनी नेमकं हेच ओळखलं होतं. तिथे आजी-आजोबांनी तान्ह्यांशी दिवसभर माओरीच बोलायची. पाणी हवं असेल तर माओरीत मागायचं. भूक, रडणं, भांडण, सगळं एकाच भाषेत. थावांकडे अशा आज्या दहा हव्या असतील तर दहा नाहीत. म्हणून एखाद्या घरातल्या आजीपुढे दोन नातवंडं रोज दुपारभर बसली, तर त्याचं मोल मी शंभर प्रमाणपत्रांपेक्षा अधिक मानतो.

आणि मग जमिनीचा प्रश्न येतोच. २०१८ मध्ये आदिवासी कारभार पाहणाऱ्या केंद्रीय परिषदेने तळ्याभोवतीचा मोठा टापू थावांचा पारंपरिक प्रदेश म्हणून जाहीर केला. तिथे मोठे प्रकल्प आणायचे तर आधी थावांची संमती घ्यावी लागली असती. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या प्रशासनाने हरकत घेतली, आणि तो निर्णय तेव्हा टिकला नाही. भाषेला राष्ट्रभाषा म्हणायला कुणाची हरकत नव्हती. हरकत निघाली ती तळ्याकाठच्या हॉटेलांबद्दल त्या भाषेत ‘नाही’ म्हणता येईल, या शक्यतेला. भाषेच्या संवर्धनाचा निधी आणि जमिनीचा हक्क या दोन वेगवेगळ्या फायली आहेत असं सरकारांना वाटतं. मला वाटत नाही. माणसं ज्या गोष्टींवर एकत्र बसून भांडतात, ठरवतात, मोडतात, त्या गोष्टी त्यांच्या हातात नसतील तर त्यांच्या भाषेत बोलण्यासारखं उरतं काय? नमस्कार, धन्यवाद आणि रंगांची नावं.

तळं अजूनही त्याच कामाला जुंपलेलं आहे. १९८०च्या दशकापासून ते उदंचन जलविद्युत केंद्रांचा वरचा जलाशय आहे. विजेला मागणी असली की पाणी खाली सोडतात, मागणी उतरली की पुन्हा वर ओढतात. काठाजवळ एकावर एक बसवलेल्या नऊ बेडकांचं कांस्यशिल्प आहे. किती बेडूक उघडे पडलेत यावरून पर्यटक पाण्याची पातळी सांगतात.

लालू बेटावर आता पर्यटकांना उतरू देत नाहीत. तळ्याकाठच्या एका महागड्या हॉटेलानेही हेच नाव घेतलं आहे, पण बेटावर पाय ठेवायचा तो थावांनी. पर्यटकांच्या होड्या बेटाभोवतीच्या तरंगत्या पट्ट्याला वळसा घालून जातात. ध्वनिवर्धकावर मँडरिनमधून पांढऱ्या हरणाची गोष्ट ऐकू येते. एखादी बाई शिन्शी व्हायची असते, तेव्हा जुन्या शिन्शी तिला घेऊन होडीने या बेटावर येतात. घरच्या वडीलधाऱ्यांनी हो म्हटलेलं असतं, पण तेवढ्याने भागत नाही, पाथालारने तिला स्वीकारायला हवं. त्या बाईच्या घरी लेकरं मँडरिनमध्ये गृहपाठ करत असतील, तिने स्वतःही थावमधली प्रार्थना शब्दशब्द पाठ करून आणली असेल. ती झाडाखाली उभी राहते, आणि जुन्या शिन्शी तिच्या वतीने पाथालारशी बोलायला सुरुवात करतात.